हॉइट विल्हेल्म : मदतीला येणारा पिचर

बेसबॉल हा अमेरिकेचा लोकप्रिय खेळ आपल्या देशात फारसा खेळला जात नाही. तथापि ज्यांना क्रिकेटची ओळख आहे त्यांना या खेळाची घडण समजून घेणे अवघड नाही. दोन संघ असतात, प्रत्येकाच्या वाट्याला नऊ डाव येतात आणि तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजापासून १८.४४ मीटर अंतरावरील एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो चेंडूचा टप्पा पडू न देता चेंडू फेकतो. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. आपल्या यष्टिरक्षकाचाच तो भाऊबंद. चेंडू टोलावून फलंदाज धावत सुटतो आणि तीन बेस ओलांडून मूळ जागी परतला म्हणजे एक धाव होते.

क्रिकेट आणि बेसबॉल यांत एक मोठा भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. क्रिकेटमध्ये गोलंदाज षटकागणिक बदलतात आणि थकलेला गोलंदाज विश्रांती घेऊन पुन्हा गोलंदाजीस येतो. बेसबॉलमध्ये सर्वसाधारणपणे एकच पिचर सामना सुरू करतो व जमेल तोवर तोच चेंडू फेकत राहतो. त्याच्या जागी दुसरा खेळाडू आला आणि तो मैदानाबाहेर गेला, की त्या सामन्यात त्याला परत येता येत नाही. अशा वेळी जो दुसरा पिचर मैदानात उतरतो त्यास ‘रिलीफ पिचर’, म्हणजे मदतीला येणारा पिचर, असे म्हणतात. या प्रकरणात अशाच एका पिचरची हकीकत सांगावयाची आहे. त्याचे नाव हॉइट विल्हेल्म. केवळ मदतीला येण्याच्या कामगिरीच्या बळावर बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात ज्याला स्थान मिळाले असा तो पहिला खेळाडू होय.

दुय्यम समजले गेलेले काम

विल्हेल्मचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या पूर्वीची परिस्थिती पाहिली पाहिजे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू केलेला सामना शेवटास नेणे हे पिचरचे कर्तव्यच मानले जाई. १८९० ते १९११ या काळात खेळलेल्या साय यंग या विख्यात पिचरने ८१५ सामन्यांत सुरुवात केली आणि त्यांपैकी ७४९ सामन्यांत शेवटच्या गड्यापर्यंत तोच चेंडू फेकत राहिला. मध्येच चेंडू दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हार पत्करण्यासारखे होते. साहजिकच मदतीला येणाऱ्या पिचरची गणना कमी प्रतीच्या खेळाडूंत होत असे. ज्यांचा दंड थकला आहे असे वयस्कर पिचर, अद्याप तयार न झालेले नवशिके, किंवा सामना सुरू करण्याइतके ज्यांचे कसब नाही असे लोक, यांना मैदानाच्या कडेला कुंपण घातलेल्या ‘बुलपेन’ नावाच्या जागेत बसवून ठेवीत आणि प्रसंग पडला की बोलावीत.

याला अपवाद नव्हते असे नाही. १९२० नंतरच्या दशकात वॉशिंग्टन संघाने फर्पो मारबेरी याचा, तर १९४० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क यांकीज संघाने जो पेज याचा या कामासाठी हेतुपूर्वक उपयोग केला. १९५० साली फिलाडेल्फियाच्या जिम कॉन्स्टँटी याला सर्व सामन्यांत मदतीस येऊनही आपल्या लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळाला. परंतु एखादा मनुष्य आपले सारे आयुष्य याच कामात घालवील आणि त्यातून मोठा होईल, असे कोणास वाटत नव्हते.

वास्तविक हे काम अवघड आहे. सामना सुरू करणारा पिचर कोऱ्या पाटीवर लिहू लागतो. मदतीला येणाऱ्याच्या हाती मात्र दुसऱ्याने अर्धवट सोडलेले आणि बहुधा बिघडलेले काम येते. दोन-तीन बेसवर प्रतिपक्षाचे गडी उभे असतात, एका चुकीने सामना हातचा जाणार असतो आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा शिगेस पोचलेला असतो. त्यातच जमाखर्चाची अडचण आहे. पिचरची योग्यता मोजण्याचे मुख्य माप म्हणजे त्याने नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या हे होय. क्षेत्ररक्षकांच्या चुकीने झालेल्या धावा त्यात धरीत नाहीत. ही सरासरी तीनच्या आसपास असली तर पिचर उत्तम समजला जातो आणि दोनच्या खाली फारच थोडे जातात. आता बेसवर आधीपासून उभे असलेले गडी मूळ जागी परतले, तर त्या धावा त्यांना तेथवर पोचू देणाऱ्या पहिल्या पिचरच्या नावावर मांडल्या जातात. म्हणजे मदतीला आलेल्याने त्यांना जागच्या जागी थोपवून सामना वाचवला, तरी त्याच्या स्वतःच्या खात्यात त्याची नोंद जवळजवळ होतच नाही. जे मोजता येत नाही त्याची किंमत कमी धरली जाते. मदतीला येणाऱ्या पिचरच्या बाबतीत दीर्घकाळ हेच घडत आले.

एका शेतकऱ्याचा मुलगा

जेम्स हॉइट विल्हेल्मचा जन्म २६ जुलै १९२२ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हंटर्सव्हिल या गावी झाला. वडील दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी होते आणि घरात अकरा मुले होती. शाळेत असताना हॉइटला चेंडूफेकीचा नाद होता. पण त्याच्या हाताला वेग नव्हता. वेग हेच पिचरचे भांडवल मानले जाण्याच्या त्या काळात ही उणीव मोठी होती. त्या सुमारास त्याच्या वाचनात वर्तमानपत्रातील एक लेख आला. वॉशिंग्टन संघाचा डच लेनर्ड हा पिचर ‘नकलबॉल’ नावाचा संथ पण फसवा चेंडू कसा फेकतो, याविषयी तो लेख होता. त्यावरून विल्हेल्मने ही विद्या स्वतःची स्वतः शिकून घेतली. पुढे सारा जन्म त्याने याच एका विद्येवर काढला.

१९४२ साली जवळच्याच मूर्सव्हिल येथील संघातून तो व्यावसायिक खेळाडू झाला. ही व्यावसायिक बेसबॉलची सर्वांत खालची पायरी होती. त्याच वर्षी त्याला सैन्यात जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपच्या रणभूमीवर लढला आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यातील आर्देनच्या लढाईत जखमी झाला. जखमी सैनिकांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ हे पदक त्याला मिळाले. तोफगोळ्याची एक कपची त्याच्या पाठीत कायमची राहिली आणि ती घेऊनच तो पुढील पंचवीस-सव्वीस वर्षे खेळला.

युद्धानंतर परत आल्यावर त्याने त्याच मूर्सव्हिल संघासाठी १९४६ मध्ये २१ व १९४७ मध्ये २० सामने जिंकले. तरीही मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या संघांची स्पर्धा, त्याच्यापासून दूरच राहिली. न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्याला आपल्याकडे घेतले, पण दुय्यम संघांतूनच खेळवत ठेवले. संथ चेंडू फेकणाऱ्यावर कोणाचा विश्वास नव्हता. नकलबॉल हा ज्यांचा वेग संपला आहे अशा म्हाताऱ्यांचा आधार, अशी समजूत होती. ज्या वयात अनेक खेळाडू उतरणीस लागतात त्या वयात, म्हणजे तिशीला तीन महिने उरले असताना, १९५२ च्या एप्रिलमध्ये विल्हेल्मला मेजर लीगचे दार उघडले.

फिरकी नसलेल्या चेंडूचे रहस्य

नकलबॉलचे वैशिष्ट्य काय, हे येथे थोडे पाहिले पाहिजे. ‘नकल’ म्हणजे बोटांचे पेर. परंतु विल्हेल्मसारखे पिचर चेंडू पेरांनी नव्हे, तर तर्जनी व मध्यमा यांची टोके शिवणीमागे रोवून धरीत. चेंडू हातातून सुटताना त्याला गिरकी मिळू नये, हा या पकडीचा हेतू असतो.

सामान्य वेगवान चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो, सुमारे चार दशांश सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो आणि तेवढ्यात त्याच्या पंधराएक गिरक्या होतात. या गिरक्यांमुळे त्याचा मार्ग ठरलेला असतो आणि अनुभवी फलंदाजाला तो ओळखता येतो. नकलबॉल मात्र ताशी शंभर ते सव्वाशे किलोमीटर वेगाने, जणू तरंगत जातो आणि वाटेत त्याची जेमतेम एखादी गिरकी होते. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. ही शिवण पृष्ठभागापासून किंचित वर आलेली असते. जेथे शिवण आडवी येते तेथे चेंडूलगतचा हवेचा प्रवाह एका प्रकारे वाहतो, जेथे कातडे गुळगुळीत असते तेथे दुसऱ्या प्रकारे. दोन बाजूंचे प्रवाह असे असमान झाले की चेंडू एका बाजूस ढकलला जातो. चेंडू मुळीच न फिरला तर हा दाब एकाच दिशेने राहील. फार फिरला तर सर्व दिशांचे दाब परस्परांना खोडून काढतील. परंतु तो अगदी सावकाश फिरला, तर शिवणीची जागा हळूहळू बदलते आणि तिच्याबरोबर दाबाची दिशाही बदलते.

ट्युलेन विद्यापीठातील वॉट्स व सॉयर या दोन संशोधकांनी १९७५ साली चेंडू वायुबोगद्यात ठेवून हे बाजूचे दाब प्रत्यक्ष मोजले. चेंडू हवेत नागमोडी जातो असे फलंदाज सांगत असत. एकविसाव्या शतकात चेंडूचा मार्ग टिपणारी साधने आल्यावर असे दिसून आले, की तो मार्ग वाटतो तितका वेडावाकडा नसतो. पण चेंडू कोणत्या बाजूस व किती वळेल याचा अंदाज मात्र आधी बांधता येत नाही. किंबहुना फेकणाऱ्यालाही तो सांगता येत नाही. आपल्याकडे याच पकडीवरून आलेला संथ चेंडू श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या क्रिकेट विश्वचषक स्पर्धेत वापरला होता, हे वाचकांना आठवत असेल.

या चेंडूचा एक मोठा लाभ असा, की खांद्यावर व कोपरावर ताण फार थोडा पडतो. वेगवान पिचरला एका सामन्यानंतर काही दिवस विश्रांती लागते. नकलबॉल फेकणारा उद्याही मैदानात उतरू शकतो. परंतु याला दुसरी बाजू आहे. जो चेंडू फलंदाजाला कळत नाही तो कॅचरलाही कळत नाही. तो कॅचरच्या हातून निसटला की बेसवरचे गडी पुढे सरकतात. मदतीला येणारा पिचर नेमका अशा वेळी येतो, जेव्हा बेस भरलेले असतात. म्हणून अशा माणसाला अशा प्रसंगी बोलावणे हा अनेकांना शुद्ध अविचार वाटे.

मेजर लीगमध्ये

जायंट्सचा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर याने हा धोका पत्करला. दुय्यम संघांत विल्हेल्म प्रामुख्याने सामने सुरू करीत असे. ड्युरोशरने त्याला बुलपेनमध्ये बसवले. १९५२ च्या हंगामात विल्हेल्म ७१ सामन्यांत खेळला आणि या सर्व सामन्यांत तो मदतीसच आला होता. त्याने १५ सामने जिंकले, केवळ ३ गमावले, आणि २.४३ या सरासरीने तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला. एकही सामना सुरू न करणाऱ्या नवख्या खेळाडूने सामना सुरू करणाऱ्या साऱ्या नामवंतांना मागे टाकले. त्याच वर्षी एक गमतीची घटना घडली. मेजर लीगमध्ये प्रथमच बॅट हाती घेतली असता त्याने होमरन, म्हणजे आपल्या भाषेत षट्कार, मारला. त्यानंतर वीस वर्षांत चारशेहून अधिक वेळा तो फलंदाजीस आला, पण दुसरा होमरन त्याच्या हातून झाला नाही.

१९५४ साली जायंट्सने क्लीव्हलँडला सलग चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांतील तिसऱ्या सामन्याचा शेवट विल्हेल्मने केला. परंतु पुढील दोन वर्षे त्याला तितकीशी चांगली गेली नाहीत आणि १९५७ च्या प्रारंभी संघाने त्याला सेंट लुईसला देऊन टाकले. त्याच वर्षी तेथून क्लीव्हलँड आणि १९५८ मध्ये बाल्टिमोर, अशी त्याची पाठवणी होत राहिली. त्या काळच्या करारांतील एका कलमानुसार खेळाडू हा संघाच्या मालकाशी कायमचा बांधलेला असे. मालकाने त्याला ठेवावे, विकावे किंवा दुसऱ्याच्या बदल्यात द्यावे. खेळाडूचे मत विचारले जात नसे. १९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयाने हे बंधन ढिले झाले, पण तोवर विल्हेल्म निवृत्त झाला होता. त्याची सारी कारकीर्द या बंधनाखाली गेली आणि त्याला एकूण नऊ संघांचे पोशाख चढवावे लागले.

बाल्टिमोरचा व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स याने त्याला सामने सुरू करण्याची संधी दिली. २० सप्टेंबर १९५८ रोजी बलाढ्य यांकीज संघाविरुद्ध विल्हेल्मने पूर्ण नऊ डाव चेंडू फेकला आणि एकाही फलंदाजाला टोला मारून बेस गाठू दिला नाही. सामना १-० असा जिंकला गेला; ती एकमेव धाव त्याचा कॅचर गस ट्रायँडोस याने होमरन मारून काढली. यांकीजवर अशी नामुष्की पुन्हा येण्यास २००३ साल उजाडावे लागले. १९५९ मध्ये २.१९ या सरासरीने विल्हेल्म अमेरिकन लीगमध्येही पहिला आला. अशा रीतीने दोन्ही लीगमधील हा मान त्याने मिळवला : एक मदतीस येऊन, दुसरा मुख्यतः सामने सुरू करून. सामना सुरू करण्याची कुवत नाही म्हणून तो बुलपेनमध्ये बसत होता, असे म्हणण्यास आता जागा उरली नाही.

ट्रायँडोसच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला मात्र बरेच हाल आले. १९५९ च्या हंगामात बाल्टिमोरच्या कॅचरांच्या हातून ४९ चेंडू निसटले. त्यांतील बहुतेक विल्हेल्मचे होते. यावर उपाय म्हणून रिचर्ड्सने १९६० साली सुमारे ४५ इंच परिघाचा एक अवाढव्य हातमोजा करवून घेतला. तो काही काळ उपयोगी पडला. परंतु पुढे नियम करून कॅचरच्या हातमोज्याचा परीघ ३८ इंचांपेक्षा अधिक असू नये, असे ठरवण्यात आले. चेंडू समजत नाही म्हणून तो झेलण्याचे साधन बदलावे आणि साधनामुळे खेळाचा नियम बदलावा, असा हा प्रकार होता.

चाळिशीनंतर

विल्हेल्मच्या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण भाग यापुढेच सुरू होतो. १९६३ मध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्स संघाकडे गेला तेव्हा चाळिशी उलटलेली होती. तेथे त्याने पुन्हा मदतीला येण्याचेच काम पत्करले. १९६४ ते १९६८ या पाच हंगामांतील त्याच्या सरासरी अशा : १.९९, १.८१, १.६६, १.३१ आणि १.७३. हा काळ एकंदरीने पिचरांना अनुकूल होता, इतका की १९६९ पासून पिचरच्या उंचवट्याची उंची पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावी लागली. हे ध्यानात घेऊनही बेचाळिसाव्या ते सेहेचाळिसाव्या वर्षी सलग पाच हंगाम दोनच्या खाली राहणे ही असामान्य गोष्ट होय.

१९६८ मध्ये त्याने साय यंगचा ९०६ सामन्यांचा उच्चांक मागे टाकला. ज्या यंगचे नाव सामना शेवटास नेण्याच्या परंपरेशी जोडलेले होते, त्याचाच हा उच्चांक दुसऱ्याचे सामने शेवटास नेणाऱ्याने मोडला. १९७० साली विल्हेल्म एक हजार सामने खेळणारा पहिला पिचर ठरला.

आपली विद्या त्याने लपवून ठेवली नाही. व्हाइट सॉक्सकडे १९६७ मध्ये आलेला विल्बर वुड हा तरुण पिचर वेगाच्या अभावी मागे पडला होता. विल्हेल्मच्या सल्ल्याने त्याने इतर सर्व चेंडू सोडून नकलबॉलवरच भर दिला आणि १९७२ च्या एकाच हंगामात त्याने ३७६ हून अधिक डाव चेंडू फेकला. वर्तमानपत्रातील एका लेखावरून एका खेड्यातील मुलाने उचललेली विद्या अशा रीतीने पुढच्या पिढीस मिळाली.

२१ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने विल्हेल्मला मुक्त केले. पन्नासावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. एकूण १,०७० सामने तो खेळला. त्यांपैकी केवळ ५२ त्याने सुरू केले होते. १४३ विजय, १२२ पराजय आणि २.५२ ही सरासरी, असा त्याचा हिशेब आहे.

उशिरा आलेला हिशेब

दरम्यान मदतीला येणाऱ्याचे काम मोजण्याची सोय होऊ लागली होती. शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन याने १९६० च्या सुमारास ‘सेव्ह’, म्हणजे राखलेला सामना, ही कल्पना पुढे आणली. आघाडी निसटू न देता सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावर एक सेव्ह मांडावा, अशी ही कल्पना होती. १९६९ पासून तिला अधिकृत मान्यता मिळाली. विल्हेल्मची मोठी कामगिरी तोवर होऊन गेली होती. पुढे संशोधकांनी जुन्या सामन्यांची कागदपत्रे चाळून हिशेब केला, तेव्हा त्याच्या नावावर सव्वादोनशेहून अधिक सेव्ह निघाले. त्यांपैकी बहुतेक ज्या वर्षांत झाले त्या वर्षांत त्यांना अधिकृत मान्यता नव्हती.

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे बेसबॉलचे सन्मान-मंदिर आहे. तेथे निवड होण्यास क्रीडालेखकांची पंच्याहत्तर टक्के मते लागतात. विल्हेल्मचे नाव १९७८ पासून मतदानास येत राहिले आणि सात वेळा ते अपुरे पडले. सामने सुरू न करणारा पिचर इतरांच्या बरोबरीचा मानावा काय, हाच अनेकांपुढील प्रश्न होता. १९८५ साली, आठव्या खेपेस, उत्तर होकारार्थी आले. १९९२ मध्ये रॉली फिंगर्स याची निवड झाली आणि मग ही वाट रुळली. २०१९ साली यांकीजचा मारियानो रिव्हेरा एकमताने निवडला गेला. त्यापूर्वी कोणत्याही प्रकारच्या खेळाडूस एकमत लाभले नव्हते. ते प्रथम लाभले मदतीला येणाऱ्या एका पिचरला.

निवृत्तीनंतर विल्हेल्मने अनेक वर्षे यांकीजच्या दुय्यम संघांतील तरुण पिचरांना शिकवले. त्याच्या सामन्यांचा उच्चांक १९९८ मध्ये डेनिस एकर्स्ली याने मोडला. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लॉरिडातील सॅरासोटा येथे विल्हेल्मचे निधन झाले. मेजर लीगच्या नोंदींत त्याचे जन्मवर्ष दीर्घकाळ १९२३ असे छापले जात होते. ते १९२२ असल्याचे नंतर स्पष्ट झाले. म्हणजे त्याचे वय मोजण्यातही हिशेब ठेवणारे एका वर्षाने चुकले होते. चेंडू कोठे वळेल हे ज्याला स्वतःलाही सांगता येत नसे, तो मनुष्य मात्र वीस वर्षे बोलावणे येताच बुलपेनमधून उठून दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम पुरे करीत राहिला.